जुनी स्प्लेंडर किकला दाद देत नाही तेव्हा

उन्हाळाभर अंगणातल्या कडुनिंबाखाली उभी असलेली नागपूरच्या एमएच-31 पाटीची जुनी स्प्लेंडर आपण हौसेने घरी आणली, आणि आता किक मारून पाय दुखायला लागला तरी ती सुरू होत नाही. एवढ्यावरून ‘इंजिन गेलं’ असे समजू नये. बहुतेक वेळा दोष किरकोळ असतो.

1994 मध्ये बाजारात आलेली ही 97.2 सीसीची गाडी शिकण्यासाठी फार चांगली, कारण तिच्यात गुंतागुंत कमी. तिच्या इंजिनाला चार गोष्टी लागतात: पेट्रोल, ठिणगी, हवा आणि दाब. याच क्रमाने तपासावे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. सगळे एकदम उघडले तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही.

सुरुवात पेट्रोलपासून. काम मोकळ्या जागी करावे, जवळ विडी-काडी नको. कार्बोरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारे भांडे. त्याची पेट्रोल नळी काढून काचेच्या बाटलीत धरावी आणि कॉक उघडावा. सलग धार आली पाहिजे. थेंब थेंब येत असेल तर कॉकची जाळी तुंबली आहे. धार आधी बरी आणि मग मंदावत असेल तर टाकीचे झाकण उघडून पाहावे. झाकणातले हवेचे बारीक छिद्र बुजले की गाडी थोडे अंतर जाऊन बंद पडते आणि झाकण उघडताच पुन्हा चालते.

बाटलीतले पेट्रोल जरा वेळ स्थिर ठेवावे. तळाशी वेगळा थर दिसला तर ते पाणी. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते ओलावा ओढून घेते. महिनोन् महिने टाकीत राहिलेले पेट्रोल म्हणूनच काढून टाकलेले बरे.

नागपूरच्या गाड्यांचे खरे दुखणे मात्र कार्बोरेटरच्या तळवाटीत सापडते. मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की उभ्या गाडीच्या वाटीतले पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट राळेसारखा थर राहतो. तो जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल वर खेचणाऱ्या बारीक भोकात, अडकतो. गाडी फक्त चोकवर चालत असेल आणि चोक काढताच बंद पडत असेल, तर आधी इथेच शंका घ्यावी. जेट सुईने किंवा तारेने कधीही टोकरू नये. पितळ मऊ असते, भोक मोठे झाले की गाडी कायमची जास्त पेट्रोल खाते. कार्बोरेटर क्लीनर मारावा आणि पंक्चरवाल्याकडे हवेचा झोत द्यावा.

आता ठिणगी. इंजिन गार असताना, प्लगभोवतीची धूळ आधी फुंकून मग प्लग काढावा, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये जाते. प्लगचा रंग बरेच सांगतो. फिकट तपकिरी म्हणजे ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा एअर फिल्टर तुंबलेला. पेट्रोलने ओला म्हणजे गाडी ओव्हरफ्लो झाली. तेलकट असेल तर ऑइल जळते आहे.

सांडलेले पेट्रोल पुसून, कॉक बंद करून, प्लग कॅपमध्ये बसवावा आणि प्लगच्या भोकापासून दूर, इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवावा. हात कॅपच्या रबरावरच ठेवून चावी चालू करून किक मारावी. हे सावलीत करावे, आपल्याकडच्या उन्हात ठिणगी दिसतच नाही. निळी, कडक ठिणगी हवी. पहिल्या पावसात गाडी अडली असेल तर नवा प्लग घेण्याआधी कॅपमधले पाणी पुसावे. परत बसवताना प्लग आधी हातानेच फिरवावा. हेड अॅल्युमिनियमचे असते, पाना जबरदस्तीने लावला तर आटे जातात आणि दहा मिनिटांचे काम खर्चाचे होते.

हवेचे काम सोपे: फिल्टर उघडून धूळ पाहावी, गरज असल्यास बदलावा.

शेवटी दाब. चावी बंद करून किक हाताने हळू दाबावी. मध्येच जोर लागला पाहिजे. काहीच अडथळा न येता किक खाली जात असेल, किंवा सुरू झाल्यावर निळसर धूर सतत येत असेल, तर व्हॉल्व्ह किंवा पिस्टन-रिंगचे काम आहे. ते आपण घरी उघडू नये. मिस्त्रीकडे जाताना काढलेला जुना प्लग फडक्यात गुंडाळून सोबत न्यावा आणि आपण काय काय तपासले ते क्रमाने सांगावे.