देवळाली कॅम्पमधील आजोबांची पिढी : घर, फिरती आणि मैदान

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत जन्मलेली, दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास नोकरीत स्थिरावलेली आणि १९६० नंतरच्या पंधरा वर्षांत निवृत्त झालेली पुरुषांची पिढी हा या मागोव्याचा विषय आहे. आज पन्नाशी-साठीत असलेल्या माणसांचे हे आजोबा होत. देवळालीचा इतिहास सांगताना बहुधा ब्रिटिश पलटणी, तोफखाना आणि हवापालटाचे बंगले यांचीच वर्णने येतात. या सर्वांच्या आधाराने संसार करणाऱ्या कारकून, ओव्हरसियर, छापखान्यातील कामगार, रेल्वेचे नोकर आणि छोटे व्यापारी यांचा दिनक्रम मात्र फारसा कोणी नोंदवलेला नाही. वास्तविक गावाचे रूप त्यांच्याच दिनक्रमात अधिक स्पष्टपणे दिसते, कारण त्यांच्या दिवसाचे तास त्यांनी स्वतः ठरवलेले नव्हते. ते लष्कराने, रेल्वेने आणि छापखान्याने ठरवलेले होते, आणि त्यांतून उरलेल्या वेळेत त्यांनी घर आणि खेळ ही दोन्ही बसवली.

देवळालीची छावणी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आकारास आली आणि तिच्या वाढीचे मुख्य कारण रेल्वे हेच होते. थळ घाटातून, म्हणजे आज ज्याला सर्रास कसारा घाट म्हणतात त्यातून, जाणारा लोहमार्ग १ जानेवारी १८६५ रोजी खुला झाला. त्यामुळे मुंबई बंदरात उतरलेले गोरे सैनिक घाटमाथ्यावरील, सुमारे साडेपाचशे मीटर उंचीच्या या कोरड्या हवेच्या पठारावर आणून तेथून देशभरच्या छावण्यांत पाठवणे, आणि मुदत संपलेल्यांना जहाज मिळेपर्यंत येथेच ठेवणे सोयीचे झाले. छावणीबरोबर सदर बाजार आला. लष्करी हद्दीत नागरी वस्तीसाठी आणि दुकानांसाठी राखलेल्या भागास हे नाव असे. या वस्तीचा कारभार १९२४ च्या कायद्यानंतर कँटोन्मेंट बोर्ड, म्हणजे लष्करी अधिकारी आणि लोकनियुक्त सदस्य यांचे संयुक्त मंडळ, पाहू लागले. १९२५ मध्ये बार्न्स स्कूल देवळालीत सुरू झाले, त्याच वर्षी नाशिकरोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस उभी राहिली, आणि १९२८ मध्ये करन्सी नोट प्रेसमध्ये पाच रुपयांच्या नोटा छापल्या जाऊ लागल्या. अवघ्या तीन-चार वर्षांत घडलेल्या या बदलांनी भगूर, विहितगाव, देवळालीगाव आणि कॅम्प या टापूतील मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या मुलांसमोर शेती आणि भिक्षुकी यांपलीकडचा, पगार आणि पेन्शन यांचा मार्ग मोकळा केला. फाळणीनंतर सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे येथील छावणीत राहिली आणि त्यांतील अनेकांनी बाजारपेठेत जम बसवला; स्वातंत्र्यानंतर तोफखान्याच्या प्रशिक्षणाचे देशातील प्रमुख केंद्रही येथेच राहिले.

या नोकरदार घराचा दिवस पहाटे बंब पेटवण्यापासून सुरू होई. बंब म्हणजे मधोमध जाळाची नळी असलेले, पाणी तापवण्याचे तांब्याचे उंच भांडे. त्यातील पाणी घंगाळात काढून पुरुषांच्या अंघोळी आधी होत, कारण छापखान्याचा भोंगा किंवा सकाळची गाडी कोणासाठी थांबत नसे. नाशिकरोडपर्यंतचे सात-आठ किलोमीटरचे अंतर सायकलवर कापणारा कामगार प्रेसच्या फाटकातून आत जाताना आणि बाहेर पडताना झडती देत असे, आणि नोटा छापणाऱ्या हातांवर ठेवलेला हा रोजचा संशय त्याला नोकरीचा भाग म्हणून स्वीकारावा लागे. युद्धकाळात, सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत, देशभरची घड्याळे एक तास पुढे केलेली होती, त्यामुळे हिवाळ्यात हा सारा उद्योग भर अंधारात चाले. घरातील स्त्रियांचा दिवस त्याहीआधी सुरू होई आणि शेवटच्या माणसाचे जेवण झाल्यावर संपे. आजोबांच्या शिस्तीचे आणि वक्तशीरपणाचे जे कौतुक पुढे घरोघरी होत राहिले, त्यातील निम्म्याहून अधिक श्रम आजींचे होते, हे येथे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे.

संध्याकाळ मुलांची असे. दिवेलागणीला शुभंकरोती झाली की पाढे म्हणवून घेण्याचे काम घरातील वडीलधाऱ्या पुरुषाकडे येई, आणि त्यात केवळ तीसपर्यंतचे पाढे नसत, तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी आणि दिडकी, म्हणजे अनुक्रमे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा आणि दीड या अपूर्णांकांचे पाढेही असत. सोळा आण्यांचा रुपया आणि चाळीस शेरांचा मण असलेल्या बाजारात हे पाढे ज्याला येत त्याला वाणी फसवू शकत नसे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पाठोपाठ किलोग्रॅम आणि मीटर आले, आणि या पिढीचे जपलेले हिशेबी कौशल्य दहा वर्षांच्या आत निरुपयोगी ठरले. तरीही अनेक घरांत नातवंडांना पावकी-निमकी शिकवली जातच राहिली. तिचा व्यवहारातील उपयोग संपला होता, पण आजोबा आणि नातू रोज अर्धा तास एकत्र बसण्याचे ते एक निमित्त होते, आणि हे निमित्त हिशेबाहून कमी मोलाचे होते असे म्हणवत नाही.

नोकरीनिमित्तच्या प्रवासाला फिरती हा रूढ शब्द होता. लष्करी बांधकामे पाहणारे मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस अर्थात एम. ई. एस. हे खाते, रेल्वे, टपाल आणि पाटबंधारे या खात्यांतील माणसांना महिन्यातील काही दिवस फिरतीवर जावे लागे. निघण्यापूर्वी कचेरीतून तसलमात, म्हणजे खर्चासाठीची आगाऊ रक्कम, उचलायची आणि परतल्यावर प्रवासभत्त्याचे बिल सादर करायचे, असा शिरस्ता होता. त्या बिलात निघण्याची व पोहोचण्याची वेळ, प्रवासाचा वर्ग, अंतर आणि मुक्काम यांची ओळीने नोंद करावी लागे. वाचणारा सावध असेल तर या रुक्ष कागदांतून एखाद्या माणसाचे वर्षभराचे आयुष्य उभे राहते : कोणत्या सणाला तो घरी नव्हता, कोणत्या महिन्यात तो आजारी होता, आणि कोणत्या मुक्कामी त्याने धर्मशाळेत राहून भत्त्यातील दोन रुपये वाचवले.

सर्वांत नित्याचा प्रवास मुंबईचा होता. देवळाली ते मुंबई हे अंतर सुमारे १८० किलोमीटर, पण त्याचे दोन अगदी वेगळे भाग पडत. मुंबई ते इगतपुरी हा मार्ग १९३० पर्यंत विजेवर आला होता, तर इगतपुरीच्या पुढे भुसावळपर्यंतची वीज १९६० च्या दशकाच्या अखेरीस आली. त्यामुळे या पिढीच्या नोकरीची बहुतेक वर्षे देवळाली ते इगतपुरी हा टप्पा वाफेच्या इंजिनामागे, डोळ्यांत कोळशाचे कण झेलत पार होई, आणि इगतपुरीला इंजिन बदलले की पुढचा प्रवास त्या मानाने स्वच्छ होई. परतताना कसाऱ्याला गाडी थांबे, कारण ३७ फुटांस एक फूट अशा तीव्र चढणीसाठी गाडीला मागून ढकलणारी जादा इंजिने जोडावी लागत. सामान ठरलेले असे : वळकटी, म्हणजे गुंडाळून पट्ट्याने आवळलेले अंथरूण, फिरकीच्या झाकणाचा पितळी तांब्या, आणि डब्यात दशम्या. पाण्याऐवजी दुधात कणीक भिजवून केलेल्या या पोळ्या दोन दिवस सहज टिकत, म्हणून फिरतीच्या घरांत त्यांना नेहमीच्या पोळीइतकाच मान होता. तिसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर रात्र काढणाऱ्या या माणसांना १९५६ मध्ये सुरू झालेल्या रजा प्रवास सवलतीने, म्हणजे सरकारी नोकराला कुटुंबासह गावी जाण्यासाठी मिळणाऱ्या भाड्याच्या साहाय्याने, बायकामुलांना बरोबर नेण्याची संधी प्रथमच सुलभपणे दिली.

खेळांच्या बाबतीत देवळालीची स्थिती इतर तालुक्यांच्या गावांहून निराळी होती, कारण येथे दोन परंपरा एकमेकींच्या शेजारी नांदत होत्या. लहानपणी दारणेच्या काठावर आणि शेताच्या मोकळ्या रानात विटीदांडू, आट्यापाट्या आणि हुतूतू खेळून ही मुले वाढली. विटीदांडूत विटी किती दूर गेली हे दांडूने मोजताना वकट, लेंड, मुंड, नाल अशी चढती नावे घेतली जात. आट्यापाट्यांत जमिनीवर आखलेल्या आडव्या पाट्या आणि त्यांना मधोमध छेदणारी सूरपाटी असे, आणि पाटी धरून उभ्या राहिलेल्या प्रतिपक्षाला चकवून पार जाणे एवढेच काम असले तरी त्यासाठी लागणारी हूल, म्हणजे एका बाजूला झेपावल्याचा भास निर्माण करून दुसऱ्या बाजूने निसटणे, ही कला वर्षानुवर्षांच्या सरावाशिवाय साधत नसे. हुतूतूचे तीन प्रकार प्रचलित होते : संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला बाद गडी जिवंत होई, गामिनीत बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेर राही, आणि अमरमध्ये गडी बाद होऊनही मैदानावरच राही व केवळ गुण मोजला जाई. पुण्यातील संस्थांनी १९१४ नंतरच्या दशकात खो-खो आणि हुतूतू यांचे नियम छापील स्वरूपात बांधले, आणि ते नियम शाळांमार्फत येथवर येईपर्यंत गावागणिक वेगळे वाद चालू राहिले.

दुसरी परंपरा छावणीची. पलटणींच्या मैदानांवर हॉकी आणि फुटबॉल चाले, अधिकाऱ्यांसाठी गोल्फ आणि टेनिस होते. तारेच्या कुंपणाबाहेरून पाहणाऱ्या मुलांपैकी काही पुढे याच आस्थापनांत नोकरीला लागली आणि खात्यांच्या संघांतून खेळू लागली. क्रिकेट मात्र सर्वांचे झाले. नाशिक जिल्हा क्रिकेटमध्ये मुंबईच्या नव्हे तर महाराष्ट्राच्या संघाचा, आणि या संघाने १९३९-४० व १९४०-४१ अशी सलग दोन वर्षे दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली रणजी करंडक जिंकला. संस्कृतचे प्राध्यापक असलेल्या देवधरांनी १९४० मध्ये, वयाच्या ४८व्या वर्षी, पुण्यात मुंबईविरुद्ध २४६ धावा केल्या. नोकरी, संसार आणि खेळ एकाच आयुष्यात बसतात हे त्यांनी दाखवल्यामुळे, चाळिशीनंतर पांढरी पँट घालून मॅटिंगवर, म्हणजे काथ्याची चटई अंथरलेल्या खेळपट्टीवर, उतरणाऱ्या कारकुनाला आपण काही वावगे करत आहोत असे वाटेनासे झाले. पुढे गुडघे थकल्यावर टपाल कचेरीतून दरवर्षी परवाना काढावा लागणारा रेडिओ आला, आणि बाळ पंडित यांच्या मराठी समालोचनामुळे इंग्रजी न जाणणाऱ्या आजीही कसोटी सामन्याच्या श्रोत्या झाल्या.

या खेळांत सर्वांना सारखा प्रवेश होता असे समजणे चूक ठरेल. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला त्या जिल्ह्यातच ही मैदाने होती, आणि गावाच्या तालमीपेक्षा खात्याच्या किंवा पलटणीच्या संघाचे दार अस्पृश्य मानल्या गेलेल्या घरांतील मुलांना आधी उघडले, यात नवल नाही.

डिसेंबर १९६२ पासून केंद्र सरकारी नोकरांचे निवृत्तीचे वय ५५ वरून ५८ झाले, आणि या पिढीतील धाकट्यांना तीन वर्षांचा पगार अधिक मिळाला. निवृत्तीनंतर लॅम रोडच्या झाडांखालची सकाळची रपेट, श्रावणात जमल्यास त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा, चंपाषष्ठीला खंडोबाची टेकडी आणि दुपारी पत्ते, असा क्रम अनेकांनी ठेवला. पत्त्यांत रमीपेक्षा तीनशेचारला प्रतिष्ठा होती, कारण त्यात हिशेब होता : गुलाम ३०, नव्वी २०, एक्का ११, दश्शी १०, राजा ३ आणि राणी २, असे एका रंगाचे ७६ आणि चार रंगांचे मिळून ३०४ गुण. बोली किती करायची आणि कोणती पाने उलगडून गेली हे मनात ठेवावे लागे, आणि पावकी-निमकीत तयार झालेली डोकी येथे अखेरपर्यंत तल्लख राहिली.

१ नोव्हेंबर १९७५ रोजी मनमाड-मुंबई पंचवटी एक्सप्रेस सुरू झाली. एक वर्षापूर्वीच तिसरा वर्ग अधिकृतपणे रद्द झालेला होता. वडील ज्या मुंबईला वळकटी घेऊन दोन दिवसांच्या फिरतीवर जात, तेथे मुलगा आता मासिक पासावर सकाळी जाऊन रात्री परतू लागला. मुक्काम संपले, पण मैदानाचे तासही गाडीत गेले. संध्याकाळी पाढे घेणारे माणूस घरी उशिरा पोहोचू लागले आणि ते काम निवृत्त आजोबांकडे कायमचे आले. खेळांपैकी डब्यात नेता येण्याजोगे पत्तेच होते, आणि पासधारकांच्या डब्यांत गुडघ्यांवर पसरलेल्या रुमालांवर तीनशेचारची बोली इगतपुरी ते कल्याण चालू राहिली.