जामीन झाला, गोळ्यांचं काय?

भिवंडीच्या कोर्टातून न्यायालयीन कोठडी मिळालेला माणूस बहुधा ठाण्याच्या मध्यवर्ती कारागृहात जातो, नाहीतर कल्याणच्या आधारवाडीत. जुन्या किल्ल्यातलं ठाण्याचं कारागृह १,१०५ कैद्यांसाठी आहे. राहतात त्याच्या कितीतरी पट. बराकीत अंगाला अंग लावून झोपलेल्यांपैकी एकाला टीबी असेल, तर रात्रभर सगळे तीच हवा घेतात.

म्हणून तपासणी आत येतानाच व्हायला हवी. दोन आठवड्यांचा खोकला, ताप, वजनातली घट हे विचारायचं, आणि एक्स-रेही काढायचा, कारण काहींना काहीच जाणवत नसतं. मग बेडक्याची तपासणी. टीबीचे कर्मचारी डबी देताना प्रत्येकाला तेच समजावतात: थुंकी नको, खोल श्वास घे, छातीतून खाकर; आणि हे उघड्यावर, लोकांपासून लांब. घाईघाईत थुंकी भरली, तर रोग असूनही मशीन नाही म्हणू शकतं. ट्रूनॅट हे तपासणीचं मशीन रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला जंतू दाद देतो का, तेही सांगतं. रुग्ण वेगळा ठेवायचा, शेजारी झोपणाऱ्यांना तपासायचं, ज्यांना रोग नाही त्यांना प्रतिबंधक गोळ्या द्यायच्या.

एवढं नीट झालं तरी खरी गळती गेटवर होते, असं मला ठामपणे वाटतं. साधा टीबी बरा व्हायला सहा महिने लागतात. कच्च्या कैद्याचा जामीन कधीही होतो. दोन-तीन आठवड्यांत ताप उतरलेला, भूक लागायला लागलेली असते. सुटल्यावर पहिली काळजी रोजगाराची; गोळ्या मागे पडतात.

भिवंडीतल्या टीबी कर्मचाऱ्यांबरोबर फिरताना सुटून आलेल्या रुग्णांचे पत्ते कसे असतात ते दिसतं: अमक्या शेठचं लूम, वरची खोली. दिवसपाळीचे उठले की त्याच अंथरुणांवर रातपाळीचे पडतात. खिडक्या बंद, खाली यंत्रमागांचा धडधडाट, हवेत कापसाची धूळ. इथला खोकला धुळीच्या नावावर खपतो. बराक आणि ही खोली, जंतूच्या दृष्टीनं फरक काय?

२०१९ मध्ये जगभरात सुमारे सव्वा लाख कैद्यांना टीबी झाला आणि जवळपास निम्म्यांचं निदानच झालं नाही, असा ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मधल्या अभ्यासाचा अंदाज आहे. सापडलेला रुग्ण तरी हातचा जाऊ नये. जामिनाचा कागद कारागृहात पोचला की भिवंडीच्या टीबी केंद्राला फोन गेला पाहिजे. माणसाच्या हातात महिन्याभराच्या गोळ्या आणि ‘निक्षय’ या टीबी रुग्णांच्या सरकारी नोंदणीतला क्रमांक हवा. मग तो उद्या उत्तर प्रदेशातल्या आझमगडची गाडी धरो. त्या क्रमांकावर तिथल्या केंद्रात उपचार पुढे चालू करता येतात.