मॉर्फिनच्या रजिस्टरची चाळीस वर्षं

दुहेरी कुलपाच्या कपाटात मॉर्फिनच्या शेजारी एक जाड रजिस्टर असतं. पानांवर आधीच क्रमांक घातलेले. तारीख, वेळ, रुग्णाचं नाव, केसपेपर नंबर, डॉक्टरांचं नाव, दिलेली मात्रा, शिल्लक आणि दोन सह्या. हे रजिस्टर पोलिसांसाठी लिहायचं की रुग्णासाठी, या प्रश्नाचं उत्तर मिळायला आपल्याकडे जवळजवळ तीस वर्षं लागली.

१४ नोव्हेंबर १९८५ रोजी एनडीपीएस कायदा लागू झाला. रोख अमली पदार्थांच्या तस्करांवर होता, पण धसका घेतला दवाखान्यांनी. किमान दहा वर्षांची सक्तमजुरी म्हटल्यावर, नोंदीतल्या चुकीपायीही आपण अडकू, ही भीती मनात बसली. त्यात अनेक राज्यांत चार-चार, पाच-पाच परवाने लागत. एक हातात पडेपर्यंत दुसऱ्याची मुदत संपलेली असे. मग रुग्णालयांनी आणि औषध दुकानदारांनी मॉर्फिन ठेवणंच सोडून दिलं. १९८५ ते १९९७ या काळात देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून जास्त घसरला. मंदसौर-नीमचच्या शेतांतली अफू औषधनिर्मितीसाठी परदेशी जात होती आणि इथला कॅन्सरचा रुग्ण रात्रभर तळमळत होता. औषध नाही, म्हणून नोंद नाही आणि चौकशीही नाही. या कोऱ्या रजिस्टरांना कुणी कधी जाब विचारला नाही, याचा मला आजही संताप येतो.

काही ठिकाणी मात्र नेटाने काम चालू राहिलं. परळचं टाटा मेमोरियल होतं. १९८६ मध्ये वांद्र्याला शांती आवेदना सदन सुरू झालं. १९९३ मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कालिकतला पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी स्थापली. घरी राहणाऱ्या रुग्णांना तोंडाने घेण्याच्या मॉर्फिनच्या गोळ्या द्यायच्या आणि हिशेब चोख ठेवायचा, ही तिथली रीत. त्या कामाचं फळ २००१ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये छापून आलं: दोन वर्षांत १७२३ रुग्णांना घरी मॉर्फिन दिलं आणि गैरवापराचा किंवा औषध बाहेर गेल्याचा एकही प्रकार आढळला नाही. असं ठामपणे सांगायला पाठीशी नोंदी लागतात. ज्या कागदाची धास्ती होती, त्याच कागदाच्या बळावर मॉर्फिनची बाजू मांडता आली.

सरकारी पातळीवर सगळं रेंगाळलं. १९९८ मध्ये केंद्राने राज्यांना नियम सोपे करायला सांगितलं, पण थोड्याच राज्यांनी ते मनावर घेतलं. २०१४ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि २०१५ मध्ये नियम आले. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं 'अत्यावश्यक अमली औषधं' ठरली. पाच दारं ठोठावायची गरज उरली नाही; मान्यताप्राप्त संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाकडे जायचं आणि बदल्यात हिशेब द्यायचा. हा सौदा मला न्याय्य वाटतो.

हा हिशेब बिघडतो तो बहुधा छोट्या जागी. अँप्यूल १५ मिलिग्रॅमचं, डॉक्टरांनी सांगितले ६. मग ६ दिल्याची नोंद हवी आणि उरलेले ९ टाकून दिल्याचीही. टाकताना दुसरी सिस्टर शेजारी उभी हवी, तिची सही तिथल्या तिथे. ड्यूटी संपताना 'सही करून टाक गं' म्हणून घेतलेली सही ही साक्ष नव्हे. आकडा चुकला तर व्हाइटनर नाही, गिरवागिरव नाही. एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता येईल अशी, शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख. अँप्यूल हातातून पडून फुटलं तर तेही लिहायचं, त्याच वेळी. पाळी बदलताना जाणारीने आणि येणारीने मिळून मोजायचं; रजिस्टरात पाहून मान डोलावणं म्हणजे मोजणी नव्हे.

घरी दिलेल्या गोळ्यांचं काय, हा त्याहून अवघड भाग. याचा धडा इंग्लंडने फार मोठी किंमत मोजून घेतला. मँचेस्टरजवळच्या हाइड गावचा डॉक्टर हॅरॉल्ड शिपमन जानेवारी २००० मध्ये पंधरा रुग्णांच्या खुनांत दोषी ठरला. तो डायमॉर्फिन रुग्णांच्या नावावर लिहून घेई आणि रुग्ण गेल्यावर घरात उरलेलं स्वतःकडे ठेवी. दुकानातल्या रजिस्टरात औषध दिल्याची नोंद होती, पण पुढे त्याचं काय झालं हे पाहणारं कुणी नव्हतं. डेम जॅनेट स्मिथ यांच्या चौकशी समितीने २००४ मध्ये नियंत्रित औषधांवर वेगळा अहवालच दिला आणि त्यानंतर तिथली देखरेख कडक झाली.

आपल्याकडे घरी जाऊन सेवा देणाऱ्या चांगल्या पथकांना हे ठाऊक असतं. माणूस गेल्यावर काही दिवसांनी सिस्टर भेटायला जाते, चार शब्द बोलते, आणि उरलेल्या गोळ्या मागून घेते. घरच्यांसमोर मोजते, 'परत आलेल्या' म्हणून रजिस्टरात चढवते. दुःखात असलेल्या घरी स्ट्रिप मागणं तिला जड जातं, तरी ती मागते.

आता खरी अडचण परवान्याची नाही, माणसांची आहे. लहान रुग्णालयात मॉर्फिनची जबाबदारी एकाच प्रशिक्षित डॉक्टरवर असली की त्यांची बदली होताच शिल्लक कुणी ताब्यात घ्यायची यावर घोडं अडतं. नवे डॉक्टर प्रशिक्षण होईपर्यंत सही करायला तयार नसतात आणि कपाट कुलूपबंद राहतं. बदलीच्या आदेशाबरोबरच शिल्लक मोजून देण्याघेण्याची तारीख आणि दुसऱ्या प्रशिक्षित डॉक्टरचं नाव लिहिलेलं असावं, एवढी साधी तजवीज जिल्हा पातळीवर आजही करता येईल.