वाडीच्या हवेत टिकणारा मदरबोर्ड

कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरच्या नृसिंहवाडीत पुराचे पाणी देवळात शिरले की तो उत्सव असतो. दत्तपादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडणाऱ्या पाण्यात स्नान साधायला भाविक रात्री-अपरात्रीही धावतात. मात्र २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी शिरोळ तालुक्यातल्या घरादारांत पाणी घातले. पूर नसला तरी पावसाळाभर हवा दमटच. पेढे-बासुंदीच्या दुकानात बिलिंगसाठी किंवा घरी मुलांसाठी स्वस्तातला असेंबल्ड कॉम्प्युटर घेताना ही हवा आधी ध्यानात घ्यावी. तिचा मार सर्वांत जास्त बसतो तो मदरबोर्डला.

बोर्ड हातात घेतला की प्रोसेसरच्या सॉकेटशेजारी काळे चौकोनी ठोकळे आणि बुटके गोल डबे ओळीने दिसतात. खरी करामत तिथेच आहे. एसएमपीएसकडून, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याकडून, येणारे १२ व्होल्ट उतरवून प्रोसेसरला जेमतेम सव्वा व्होल्ट पुरवायचे, तेही सेकंदाला काही लाख वेळा वीज चालू-बंद करून! ६५ वॉटचा प्रोसेसर इतक्या कमी व्होल्टेजला ५० अँपिअरहून जास्त प्रवाह ओढतो. हजार वॉटची इस्त्री ओढते साडेचारच्या आसपास. व्होल्टेज क्षणभर ढळले तरी कॉम्प्युटर अडकतो, नाहीतर आपोआप रीस्टार्ट होतो. लोक विंडोजला शिव्या घालत बसतात.

ते गोल डबे म्हणजे कपॅसिटर. २००० नंतरच्या काही वर्षांत त्यांतल्या सदोष द्रवामुळे जगभरचे बोर्ड बिघडले: आत वायू साठायचा, डबा वरून फुगायचा, मग गळायचा. आता स्वस्त बोर्डांवरही बहुधा घन पॉलिमरचे कपॅसिटर असतात. जुना बोर्ड घेणार असाल तर प्रत्येक डब्याचा माथा सपाट आहे ना, हे उजेडात धरून बघाच.

नव्यात साध्या कामाला इंटेलचा एच६१० चिपसेट पुरतो. तो १२व्या ते १४व्या पिढीचे प्रोसेसर घेतो, पण १३व्या-१४व्या पिढीसाठी बायोस (बोर्डातला मूळ प्रोग्राम) अद्ययावत आहे का, ते दुकानातच विचारावे. रॅम डीडीआर४ लागते की डीडीआर५, हेही बोर्डागणिक बदलते. एएमडीकडे एएम४ सॉकेटचे बी४५० आणि बी५५० चांगले. २०१७ च्या पहिल्या रायझनपासून ५००० मालिकेपर्यंत हेच सॉकेट चालले. मात्र बी५५० वर अगदी जुने रायझन चालत नाहीत. दोन बोर्डांत किंमत जवळपास सारखी असेल, तर सॉकेटशेजारच्या त्या ठोकळ्यांलगत ॲल्युमिनियमचा हीटसिंक असलेला घ्यावा. रंगीत दिव्यांना माझ्या मते दमडीही देऊ नये. ते पैसे चांगल्या एसएमपीएसला, यूपीएसला आणि अर्थिंगला लावावेत.

धूळ आणि ओल एकत्र आली की बोर्डावर नको तिथून वीज झिरपते, म्हणून कॅबिनेट कोरड्या ब्रशने अधूनमधून झाडावे. पावसाळ्यात कॉम्प्युटर महिनोन्महिने बंद ठेवू नये. चालू असताना त्याच्याच उबेने ओल हटते.

बोर्ड भिजलाच तर चालू करून पाहू नका. प्लग काढा आणि लगेच नाण्यासारखा ३ व्होल्टचा सेलही काढा. प्लग काढल्यावरही तो ओल्या तारांना वीज देत राहतो आणि गंज वाढवतो. नदी चढू लागली की कॅबिनेट माडीवर न्या. पाण्याने गेलेला बोर्ड सहसा वॉरंटीत बसत नाही.