पाण्याखालची पाटी

"आत्या, ही पाटी तू घासलीस?"

भाचीचा चेहरा बघून माझ्या पोटात गोळाच आला. घासली होती ना! चांगली लख्ख घासून, उन्हात वाळत ठेवली होती. आपल्याला सवयच असते, सिंकजवळ मळकं काही दिसलं की हात आपोआप घासणीकडे जातो.

भाची सागरी जीवशास्त्र शिकते. डिसेंबरात आमच्याकडे मालवणला राहून ती समुद्रातल्या प्रवाळांची मोजणी करत होती. इथला समुद्राचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. आता पाण्याखाली बोलता येत नाही आणि वहीचा तर लगदाच व्हायचा. म्हणून हे लोक पांढऱ्या प्लॅस्टिकची पाटी नेतात, तिला दोरीने बांधलेली आपली साधी शिसपेन्सिल. (नाव शिसपेन्सिल, पण आत शिसं नसतंच मुळी! ग्राफाइट आणि चिकणमाती असते.) ग्राफाइट पाण्यात विरघळत नाही, म्हणून ओल्या पाटीवरही अक्षर उमटतं. आणि म्हणूनच नुसत्या पाण्याने ते जातही नाही. खरखरीत पृष्ठभागाच्या बारीक खाचांत ते बसलेलं असतं, ते घासूनच काढावं लागतं.

माझ्या घासणीने दोन डुबक्यांची मोजणी गेली. वहीत उतरवायची राहिली होती. पोर काही बोलली नाही, दुसऱ्या दिवशी पहाटे परत होडीवर गेली. होडीचे पैसे मी द्यायला गेले तर घेईना.

त्या संध्याकाळी तिनेच मला रीत शिकवली. पाटी आधी गोड्या पाण्याने धुवायची, मीठ राहता कामा नये. थोड्याच ओळी असतील तर पाटी वाळवून खोडरबर पुरतो. सगळी भरली असेल तर साधी पांढरी टूथपेस्ट किंवा चिमूटभर भांड्यांची पावडर ओल्या फडक्यावर घेऊन गोल गोल चोळायची. तारेची घासणी नको, खोल चरे पडतात आणि पुढच्या वेळी काळेपणा त्यातच अडकतो. नेलपॉलिश रिमूव्हर तर अजिबात नको, काही प्लॅस्टिक त्याने विरघळतं. घासून घासून पाटी गुळगुळीत झाली तर पेन्सिल उमटत नाही. मग बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवायचा. आणि हे सगळं घरी, नळाखाली. पावडरीचं पाणी समुद्रात सोडायचं नाही, हे तिने दोनदा बजावलं.

मुलांच्या प्लॅस्टिकच्या पाटीवर मी हाच प्रयोग केला, छान निघाली. फ्रिजच्या डब्यांवर मात्र पेन्सिलीने तारीख टाकायला गेले तर उमटेचना, डबे फारच गुळगुळीत.

परवा ती पुन्हा आली होती. ओल्या केसांनीच ओट्यापाशी बसून आधी सगळे आकडे वहीत उतरवले, मोबाइलवर फोटो काढला, मग पाटी माझ्यापुढे सरकवली.

"हं आत्या, आता घास."