पुसलेली राणी

कल्याण सोडून उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर असा घाटाच्या पायथ्याकडे जाणारा लोहमार्ग धरावा, अंबरनाथास उतरून वालधुनीकाठच्या शिवालयाशी यावे आणि शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, हा काळ ज्याच्या शिलालेखाने निश्चित झाला त्या शिलाहारकालीन मंदिराच्या भिंतींवरील सुरसुंदरींची झिजलेली मुखे पाहावीत, तो मला दर वेळी दुसऱ्याच एका स्त्रीचे स्मरण होते. या मुखांची झीज ऊनपावसाने केली; तिचे रूप मनुष्याच्या हाताने पुसले.

ती अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची बेगम, चांदबिबीची माता खुन्झा हुमायून. १६३६ साली निजामशाही बुडाली, तोवर कल्याणचा हा मुलूख त्याच दौलतीच्या अंमलाखाली होता; त्यामुळे त्या दरबाराची चित्रकला मला परक्या देशातली वाटत नाही. आफताबी नामक कवीने हुसेनशहाच्या स्तुतीपर 'तारीफ-इ-हुसेनशाही' हे फारसी काव्य रचले. १५६५च्या तालिकोटच्या रणसंग्रामाचे वर्णन त्यात आहे. त्याची सचित्र पोथी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रही असून मूळच्या चौदा चित्रांपैकी बारा आज शिल्लक आहेत.

चित्रकाराचे नाव उपलब्ध नाही. त्याची कुलकथा मात्र रंगरेषांतूनच वाचता येते. सोन्याचा मुक्त वापर आणि फुलांनी भरलेली भूमी इराणी परंपरेतली. चोळी ल्यालेल्या, लांब वेणीच्या स्त्रिया याच देशातल्या. एका पानावर तर स्त्रीच्या स्पर्शासरशी वृक्ष बहरून आला आहे. हा दोहदाचा संकेत संस्कृत काव्याचा, आणि देवळांच्या शालभंजिकांचाही. पाषाणात शतकानुशतके रुजलेली ती कल्पना सुलतानाच्या पोथीत कागदावर फुलली.

मुसलमानी दरबारच्या चित्रात बेगमेस पतीच्या शेजारी प्रकटपणे बसवणे हे विरळाच धाडस. ते या चित्रकाराने केले. १५६५तच हुसेनशहा निवर्तला, पुत्र मूर्तझाच्या नावे खुन्झाने कारभाराची मुखत्यारी हाती घेतली, आणि १५६९च्या सुमारास त्याच पुत्राने तिला कैदेत टाकले. सुलतानाच्या बाजूची तिची आकृती काही पानांवर खरवडलेली वा रंगाने झाकलेली आढळते, ती तिच्या याच पाडावानंतर, असा अभ्यासकांचा तर्क आहे.

नेमक्या त्याच सुमारास, १५७२ साली, लंडनमध्ये निकोलस हिलियर्ड हा एलिझाबेथ राणीचे तळहाताहून लहान चित्र रंगवीत होता. चर्मपत्र खेळण्याच्या पत्त्यावर चिकटवून जलरंगात काढलेल्या अशा तसबिरी राणीचे सरदार अंगावर मिरवीत; त्या मुखाची प्रतिकृती बाळगणे हेच राजनिष्ठेचे चिन्ह होते. एका दरबारी राणीचे मुख अनेकवार रेखाटले जाई, दुसऱ्या दरबारी ते पुसले जाई. पण दोन्हीकडे समजूत एकच, की मुखाची प्रतिमा म्हणजे सत्तेचा दाखला. नाहीतर कागदावरच्या बोटभर आकृतीचे भय कोणाला वाटले असते?

म्हणून त्या पोथीतली ती रिकामी जागा मला सनदेइतकी मोलाची वाटते. पुसणाऱ्याने मुख नेले, परंतु सुलतानाच्या शेजारचे तिचे आसन त्याला नेता आले नाही. आणि ते आसन तिचे होते, याची साक्ष आता त्याचाच हात देत आहे.