पलीकडच्या सबनेटला पत्ते देणारा सर्व्हर

वसई पूर्वेकडील वालीव, गोखिवरे, सातिवली या औद्योगिक पट्ट्यात एखाद्या उद्योगाचे कार्यालय एका गाळ्यात आणि कारखाना दुसऱ्या गाळ्यात असेल, तर दोन्हीकडच्या संगणकांसाठी दोन सबनेट, म्हणजे आयपी पत्त्यांच्या श्रेणीनुसार पाडलेले नेटवर्कचे दोन विभाग, ठेवणे शहाणपणाचे ठरते, कारण एकीकडची गर्दी किंवा बिघाड मग सहसा दुसरीकडे पसरत नाही. मात्र पत्ते वाटणारा लिनक्स सर्व्हर कार्यालयातच असेल आणि दुसऱ्याचा खर्च टाळायचा असेल, तर कारखान्यापर्यंत पत्ते पोहोचवायचे कसे, हा प्रश्न उरतो.

हे वाटप डीएचसीपी या नियमावलीनुसार होते. ती १९९३ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली आणि राल्फ ड्रोम्स यांनी लिहिलेली तिची मार्च १९९७ ची आवृत्ती आजही आधारभूत आहे. नुकत्याच सुरू झालेल्या संगणकाला स्वतःचा पत्ता नसतो आणि सर्व्हरचाही ठाऊक नसतो, म्हणून तो आपली मागणी सबनेटमधील सर्वांना उद्देशून पाठवतो. सर्व्हर एक पत्ता देऊ करतो, संगणक तो मागून घेतो आणि सर्व्हर तो ठरावीक मुदतीसाठी त्याच्या नावे करतो. अडचण अशी की सर्वांना उद्देशून पाठवलेला संदेश दोन सबनेट जोडणारा राउटर पलीकडे जाऊ देत नाही, आणि तो जाऊ देत असता तर सबनेट पाडण्याला फारसा अर्थच उरला नसता.

म्हणून राउटरवर रिले नावाचा मध्यस्थ नेमला जातो. तो मागणी ऐकतो, तिच्यातील ‘जीआयएडीडीआर’ या रकान्यात कारखान्याच्या बाजूचा आपला पत्ता, समजा १९२.१६८.२०.१, भरतो आणि ती थेट सर्व्हरकडे धाडतो. १९८५ च्या बूटपी या नियमावलीतून आलेल्या या एका रकान्यावरून मागणी कुठल्या सबनेटची आहे हे सर्व्हर ठरवतो, आणि साऱ्या व्यवस्थेचा कणा तोच आहे.

आयएससी या संस्थेच्या डीएचसीपी सर्व्हरमध्ये त्यासाठी दोन स्वतंत्र सबनेट घोषित करावे लागतात. कार्यालयात पत्ते वाटायचे नसले तरी सर्व्हरच्या स्वतःच्या सबनेटची घोषणा हवीच, अन्यथा तो त्या जोडणीवर ऐकतच नाही; कारखान्याच्या घोषणेत पत्त्यांची श्रेणी आणि तिथलाच राउटर नोंदवावा. दोन्ही घोषणा ‘शेअर्ड-नेटवर्क’मध्ये गुंफणे मात्र चुकीचे आहे, कारण त्याचा अर्थ दोन्ही सबनेट एकाच तारेवर आहेत असा होतो आणि भलत्याच श्रेणीतला पत्ता दिला जाऊ शकतो. आयएससीने २०२२ मध्ये या सर्व्हरची देखभाल थांबवल्याने नव्या उभारणीसाठी तिचाच ‘केया’ निवडावा. तिथे लिहिण्याची पद्धत बदलते, तत्त्व तेच राहते.

खरी गफलत बहुधा परतीच्या वाटेवर होते. सर्व्हरचे उत्तर जीआयएडीडीआरमधील पत्त्याकडे, म्हणजे १९२.१६८.२०.१ कडे जाते. सर्व्हरचा नेहमीचा मार्ग इंटरनेटच्या वेगळ्या राउटरकडे असेल तर ते भलतीकडे निघते, आणि नेटवर्कवरील संदेश दाखवणाऱ्या टीसीपीडम्पमध्ये मागणी आलेली व उत्तर गेलेले दिसूनही संगणक पत्त्याविनाच राहतो. अशा वेळी सर्व्हरवर कारखान्याच्या सबनेटचा मार्ग वेगळा नोंदवावा लागतो. शिवाय मुदत निम्मी सरल्यावर संगणक नूतनीकरणाची मागणी रिलेला वगळून थेट सर्व्हरकडे पाठवतो, म्हणून फायरवॉलने ६७ क्रमांकाच्या यूडीपी पोर्टवर रिलेबरोबरच कारखान्यातील साऱ्या संगणकांनाही वाट द्यायला हवी. ती न दिल्यास मुदतीचा सात-अष्टमांश भाग संपल्यावर संगणक पुन्हा सर्वांना उद्देशून मागणी करतो, रिले ती पोहोचवतो आणि दोष कित्येक महिने कुणाच्या लक्षातही येत नाही.